वाटीतलं जाडं मीठ

कोपरच्या त्या इमारतीत सखुबाई तिसऱ्या मजल्यावर राहत आणि त्यांची धाकटी जाऊ गंगुबाई पहिल्या मजल्यावर. मधे एकच मजला, पण बोलणं बंद. बोलणं बंद झालं तेव्हा गंगुबाईंचा नातू आर्यन पाळण्यात होता. आता तो मोटारसायकल उडवत कॉलेजला जायचा. जिन्यात भेटला की सखुआजीच्या पाया पडायचा. त्याच्या आजीने मात्र त्या जिन्यात कधी मान वर केली नाही.

भांडण एका बरणीचं. जुनं घर पाडून बिल्डरने तिथे इमारत उभी केली, त्या वेळी सामान हलवताना सखुबाईंनी सासूची चिनी मातीची बरणी आपल्या भांड्यांत बांधली. बरणीत मिठागरातल्या शेवटच्या पिकाचं मीठ होतं. कुणाला विचारलं नाही. थोरल्या सुनेने विचारायचं तरी कुणाला? आणि गंगुबाई भर अंगणात, बिल्डरच्या माणसांसमोर बोलून गेली, "वयनीनं बरणी उचलली."

घेतली म्हणाली असती, नेली म्हणाली असती, तर सखुबाईंनी ते पोटात घातलं असतं. उचलली म्हणाली. तो शब्द चोराला लावतात.

आता वय झालं होतं. रात्री दिवा मालवला की एकच रुखरुख लागायची, की दोघींतली एक गेली तर दुसरीने रडायचं तरी कुठल्या तोंडाने? पण पहिला शब्द काढायचा कुणी, इथे घोडं अडलं होतं.

चौथ्या मजल्यावरची रुचिता सोसायटीच्या खोलीत दुपारी बायकांना इंग्रजी शिकवायची. सखुबाई साठीला टेकल्यावर देवळातल्या वर्गात मराठी अक्षरं शिकल्या होत्या. बसवरची पाटी स्वतः वाचली त्या दिवशी त्या उगाचच मानपाड्यापर्यंत जाऊन आल्या होत्या. तीच चटक त्यांना इथे घेऊन आली. गंगुबाईही यायच्या. एक खिडकीशी बसायची, दुसरी दाराशी.

त्या दिवशी रुचिताने फळ्यावर एकच शब्द लिहिला. टेक.

"गोळी घेतो, तिथे टेक. फोटो काढतो, तिथेही टेक. रिक्षा पकडतो, सुट्टी टाकतो, वेळ लागतो, सगळीकडे टेक."

"अगं बाई, इंग्रजांकडे शब्दांची टंचाई होती काय?" पुढच्या बाकावरच्या शांताबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या. "आणि अंघोळ?"

"टेक अ बाथ."

"म्हंजे अंघोळपण घरी घेऊन जायची!"

हसू ओसरायच्या आत दाराकडून आवाज आला. गंगुबाई फळ्याकडे बघूनच बोलत होत्या. "आणि न विचारता नेलं, तर?"

"ते पण टेक, आजी."

खोलीतल्या निम्म्या बायका गावच्याच. त्यांना बरणी ठाऊक होती. कुणी पदर सारखा केला, कुणी चष्मा पुसला. सखुबाईंनी फळ्यावरची नजर काढली नाही. "आणि उचललं, तर?" त्यांनी विचारलं.

रुचिताने जरा विचार केला. "साध्या बोलण्यात त्यालाही टेकच म्हणतात. चोरीला वेगळा शब्द आहे."

जाताना ती म्हणाली, "उद्या प्रत्येकीने घरून एकेक वस्तू आणा. एकमेकींना द्यायची आणि म्हणायचं, टेक इट."

घरी आल्यावर सखुबाईंनी माळ्यावरून बरणी काढवली. झाकण उघडताच खाडीचा वास आला, आणि वासामागून मिठागरातले ते दिवस आले. पायाखाली गरम बांध, तळव्यांच्या भेगांत झोंबणारं पाणी, डोक्यावर कापडाची चुंभळ. मिठाने भरलेली पाटी एकटीला डोक्यावर चढवता यायची नाही. समोर दुसरी लागायची. गंगू नवी नवरी होती, काडीसारखी. पहिल्या दिवशी पाटीखाली तिची मान लटलटली तेव्हा सखूने तिच्या पाटीतलं निम्मं मीठ आपल्या पाटीत ओतून घेतलं होतं. मग ती जोडी कधी मोडली नाही. "हात लाव गो," एकीने म्हणायचं आणि दुसरीने वाकायचं. गंगूला ताप असला की सखूला मीठ वाहताच यायचं नाही. दुसऱ्या बायका मदतीला होत्या, पण त्यांचा हात नीट बसायचा नाही.

आता तिथे नुसती झुडपं माजली होती.

दुसऱ्या दिवशी शांताबाईंनी वांगं आणलं होतं, कुणी रिमोट. सखुबाई वाटी घेऊन आल्या. त्या खिडकीशी बसल्या नाहीत. सरळ दाराशी गेल्या आणि वाटी गंगुबाईंच्या पुढ्यात, बाकावर ठेवली. जाडं, मळकट, चुलीच्या राखेसारखं दिसणारं मीठ.

"टेक इट," त्या म्हणाल्या.

गंगुबाई वाटीकडे बघत राहिल्या.

"काय झालं? घ्या ना आजी," रुचिता म्हणाली.

"मीठ हातात देत नाहीत, पोरी," शांताबाई कुजबुजल्या. "खाली ठेवायचं, दुसरीने तिथून उचलायचं. नाहीतर भांडण लागतं."

"आमच्याकडेपण आई तसंच सांगायची," रुचिता म्हणाली.

गंगुबाईंनी वाटीला हात लावला नाही. त्यांनी आपला उजवा तळवा उघडून पुढे केला. त्या तळव्याला अजून जुन्या घट्ट्यांच्या खुणा होत्या.

"हातात दे, वयनी."

"अगो, येडी काय तू? भांडण होईल."

"आनखी काय व्हायचं राह्यलंय? दे."

सखुबाईंनी मूठ भरली आणि त्या तळव्यावर रिकामी केली. थोडं मीठ सांडलं. गंगुबाईंनी एक खडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले, आणि त्यांची हनुवटी हलू लागली.

"त्येच हाय," त्या म्हणाल्या. मग डोळे पुसत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "सासूनं तुलाच दिली असती गो बरनी. मना म्हाईत व्हतं तवाच."

"मग तसं बोललीस कशाला?"

"तू इचारलं नायस म्हनून."

 सखुबाईंनी सांडलेले खडे वेचून वाटीत टाकले. "चल वर," त्या म्हणाल्या. "बरणी खाली काढून ठेवलीय. मना एकटीला माळ्यावर चढवता येत नाय. हात लाव."

"आजी, तास संपायचाय!" रुचिता म्हणाली.

"राहू दे गो," शांताबाई वांगं पिशवीत टाकत म्हणाल्या. "त्यांचा झाला."