समुद्र पाहिलेली वहाण

मित्रांनो, मी एक जुनी टायरची वहाण आहे. निंबाभाऊंच्या नव्या घराला दृष्ट लागू नये म्हणून त्यांनी मला भिंतीवर उलटी टांगली आहे. पण माझी कीव करू नका. आधी ऐका.

एरंडोलच्या बाजारात आम्हा जुळ्या बहिणींचा जन्म झाला. मालकीण नर्मदाबाई, निंबाभाऊंची थोरली बहीण. त्या शाळेत भूगोल शिकवत. फळ्यावर निळ्या खडूने समुद्र काढत, पण स्वतः कधी पाहिला नव्हता. सत्त्याऐंशीच्या दिवाळीत त्यांच्याच शाळेतल्या शालिग्राम सरांनी सह्याद्री उतरून कोकणच्या किनाऱ्याने पायी सहल काढली. बाईंनी पहिलं नाव दिलं.

"अक्का, दोन दिसमां एसटीमा बठीसन परत येशी," निंबाभाऊ हसले. "मंग पुन्हा सहलनं नाव काढानं नही!"

"शेवटला मुक्काम मी पायीच गाठसू," बाई म्हणाल्या.

बाकी सगळ्यांच्या पायांत कॅनव्हासचे बूट. आम्हाला पाहून लोक हसले. हसू देत! घाटातल्या निसरड्या खडीवर आम्ही एकदाही दगा दिला नाही. एका वळणावर खाली समुद्र दिसला. बाई मटकन बसल्या आणि लहान मुलीसारख्या रडल्या.

पुढे किनाऱ्यावरच्या धारदार कातळात अडकून माझा पट्टा उखडला. सर म्हणाले, "बाई, वर एसटीचा थांबा आहे. बसने पुढच्या मुक्कामी जा, त्यात कमीपणा नाही."

"तुम्हाला नाही, सर. मला घरी तोंड दाखवायचं आहे."

बाई जवळच्या वाडीत गेल्या. केळीच्या खोडाची वाळलेली साल, म्हणजे सोपट, मागून आणलं. आमच्याकडे मळ्यात वळतात तशी मांडीवर दोरी वळली आणि मला बांधलं. कातळ दोरी खाई, बाई नवी वळत. शेवटचा मुक्काम त्यांनी पायीच गाठला.

परतल्यावर मला नवा पट्टा बसला. मग काही वर्षांनी बाईंचे गुडघे धरले, आम्ही खाटेखाली गेलो. तिथून निंबाभाऊंनी मला उचललं.

थांबा, बाई आल्या वाटतं, घर बघायला.

"निंबा! हिनी समुद्र देखेल शे. हिले उलटी कसाले टांगी?"

"अक्का, घरले दृष्ट नको लागाले!"

"लागू दे. काढ तिले खाले."

निंबाभाऊंनी मला खाली काढलं. बाईंनी माझ्या जोडीला आणलेली माझी बहीण पिशवीतून काढली, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून आम्हाला पायांत घातलं आणि मळ्याच्या वाटेला लागल्या.

मित्रांनो, आम्हाला जपायचं असेल तर टांगून ठेवू नका. झिजवा.