हलका माल

मावसबहिणीकडे लॅपटॉप आला आणि मुंगीच्या पोटात दुखायला लागलं. आईने विचारलं, "काय खाल्लंस बाहेर?" खाल्लं काहीच नव्हतं. घास घशाखाली उतरत नव्हता, हीच तर तक्रार होती.

मुंगी हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. अंगाने किरकोळ, आणि एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की हाती आल्याशिवाय सोडायची नाही, म्हणून बाबांनी तिला लाडाने मुंगी म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. मावसबहिणीला मात्र सगळे बाहुली म्हणायचे. अन्यायाला इथूनच सुरुवात झाली, असं मुंगीचं ठाम मत होतं. दोघी एका वयाच्या, एका वर्गात, एका बाकावर, घरं समोरासमोर. मग एकीला बाहुली आणि दुसरीला मुंगी, हे कुठल्या न्यायात बसतं?

तरी आजवर एका बाबतीत दोघी सारख्या होत्या. लॅपटॉप दोघींकडेही नव्हता. शाळेचे प्रकल्प आपापल्या आईच्या फोनवर करायचे, अंगठे दुखेपर्यंत. शनिवारी दुपारी मुंगीच्या घरी एकाच फोनवर डोक्याला डोकं लावून सिनेमा बघायचा, इयरफोनचं एक टोक हिच्या कानात आणि एक तिच्या. त्या फोनची काच तडकलेली होती, त्यामुळे कुठलाही नायक असला तरी त्याच्या गालावर एक आडवा व्रण असायचाच. त्यावरून दोघी हसून लोळायच्या. नसण्यातही मजा होती, कारण ते नसणं दोघींचं होतं.

आणि मग एके दिवशी बाहुलीने खिडकीतून हाक मारली, "ए मुंगे, ये लवकर, तुला गंमत दाखवते."

गंमत टेबलावर होती. चंदेरी, वहीएवढी, आणि वहीपेक्षा फार जाड नाही. बाहुलीने झाकण उघडलं तर आवाजसुद्धा झाला नाही.

"उचलून बघ ना," बाहुली म्हणाली. "किती हलका आहे!"

मुंगीने उचलला. खरंच हलका होता. दप्तरात टाकला तर आहे की नाही हे उघडून बघावं लागेल, इतका. बाहुलीने सिनेमा लावला. नायक आला आणि मुंगीने पाहिलं, त्याच्या गालावर व्रण नव्हता. गुळगुळीत गाल होता मेल्याचा.

"छान आहे," मुंगी म्हणाली. असल्या वेळी जे म्हणायचं असतं तेच ती म्हणाली.

"आता आपण यावरच बघायचं. शनिवारी तू इकडे यायचंस."

बाहुलीने अगदी मनापासून 'आपण' म्हटलं होतं. मुंगीला नेमका तोच शब्द झोंबला. आपण कसलं? घर तिचं, टेबल तिचं, लॅपटॉप तिचा. आपण जायचं आणि पाहुण्यासारखं टोकावर बसायचं. मुंगी अभ्यासाचं निमित्त काढून निघाली. रस्ता ओलांडेपर्यंत तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

घराच्या मागे बाबांची कामाची शेड होती. बाबा सुतार. दारं, कपाटं, पलंग, जे सांगाल ते बनवायचे, आणि त्यांच्या जगात माल दोनच प्रकारचा होता: हलका आणि भारी. हलका म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळ्यांचा, पाणी लागलं की फुगणारा, स्क्रू धरून न ठेवणारा. भारी म्हणजे उचलताना दोन माणसं लागावीत असा. दाराची फळी ते आधी नुसती उचलून बघायचे आणि मगच तिच्याबद्दल बोलायचे. "हलका माल माझ्या हातून घराबाहेर जायचा नाही," हे वाक्य मुंगीने जन्मापासून ऐकलं होतं.

"काय गं, मावशीकडे काय नवीन आणलंय?" बाबांनी रंधा चालवता चालवता विचारलं.

"लॅपटॉप."

"कसा आहे?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. चंदेरी आहे, देखणा आहे, मला हवाय. मुंगी म्हणाली, "हलका आहे."

यात खोटं काय होतं? बाहुलीचाच तर शब्द होता. पण तो आपण कुणाच्या शेडमध्ये उभं राहून म्हणतोय, हे मुंगीला पुरतं ठाऊक होतं. बाबांचा रंधा थांबला.

"हलका?"

इथे अजूनही सावरता आलं असतं. वजनाला हो, एवढेच दोन शब्द लागले असते. पण बाबांच्या चेहऱ्यावर साडूभाऊंबद्दल जी कीव उमटली होती, ती बघून मुंगीला इतकं गार वाटलं की तिने आणखी थोडं पाणी शिंपडलं.

"हो. दाबला की वाकतो."

हे मात्र धडधडीत खोटं होतं.

"अरेरे," बाबा म्हणाले. "फसवलं की त्यांना."

मुंगीचं पोट दुखायचं थांबलं. त्या रात्री तिने दोनदा वाढून घेतलं.

बाबा सरळ माणूस. सरळ माणसाच्या कानावर खोटं घालू नये, कारण तो ते मनात ठेवत नाही, मदतीला धावतो. दुसऱ्याच दिवशी त्यांनी रस्त्यात साडूभाऊंना गाठून सांगितलं, "अहो, ते मशीन परत करून टाका. हलका माल गळ्यात मारलाय तुमच्या." बाहुलीचे बाबा बिचारे ओशाळं हसले. पण खिडकीत मावशी उभी होती, आणि मावशीने तो शब्द बरोबर झेलला. आपल्या नवऱ्याने पोरीसाठी हौसेने आणलेली वस्तू, आणि बहिणीच्या नवऱ्याने भररस्त्यात तिला हलकी म्हणावं! तिने खिडकी लावून घेतली. नंतर आईने हाक मारली तर "कामात आहे" म्हणाली, आणि तिचं ते काम काही केल्या संपेना.

"हिला झालंय तरी काय?" आई म्हणायची. मुंगी पुस्तकात डोकं खुपसून बसायची. पोट पुन्हा दुखायला लागलं होतं.

अशातच बाबांनी जाहीर केलं, "मुंगीलाही लॅपटॉप घ्यायचा. एकदाच घ्यायचा, शाळा संपेपर्यंत दुसऱ्याचं नाव काढायचं नाही. पण घ्यायचा तो भारी."

मुंगीला नाचावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. शाळा चढावर होती. लॅपटॉप रोज पाठीवर घेऊन तो चढ चढायचा होता. तिला हवा होता तो अगदी बाहुलीसारखा. वाटल्यास रंग दुसरा, बाकी तस्साच.

दुकानात जाताना बाबांनी बाहुलीलाही बरोबर घेतलं. "तिला अनुभव आहे," ते म्हणाले. बाहुली आनंदाने आली. मावशीचा रुसवा तिच्या गावीही नसावा, असं मुंगीला तिच्याकडे बघून वाटलं. काय नशीब असतं एकेकाचं! रागसुद्धा दुसऱ्यानेच करायचा.

"कशासाठी हवाय?" विक्रेत्याने विचारलं.

"शाळेसाठी," बाबा म्हणाले.

"आणि करमणुकीसाठी," मुंगी पुटपुटली.

विक्रेत्याने एक निळसर लॅपटॉप समोर ठेवला. "मग हा घ्या. एकदम हलका. रोज न्यायला-आणायला सोपा, बॅटरीही शाळा सुटेपर्यंत सहज टिकते."

बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्याने वाळवी लागलेली फळी पुढे केली आहे. "हलका कशाला दाखवता? भारी दाखवा."

"काका, हलकेच तर चांगले असतात."

"असतील तुमच्याकडे," बाबा शांतपणे म्हणाले.

विक्रेता आतून एक काळं धूड घेऊन आला, ते दोन्ही हातांनी. बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी झाकणावर बोटाच्या पेराने टकटक केलं. झाकण चार वेळा उघडलं, मिटलं, कानाजवळ नेऊन बिजागरी ऐकली. मग दोन्ही तळव्यांवर धरून वजन घेतलं. "याला म्हणतात माल," ते म्हणाले.

मुंगीच्या हातात तो निळसर होता. तिला तो खाली ठेववत नव्हता. एका वाक्याचा प्रश्न होता: बाबा, हलका म्हणजे वजनाला. बाबांनी लगेच ऐकलं असतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, बाहुलीचाही वजनालाच का? आणि मग ते वाकण्याचं काय?

तिच्या मनातलं बाहुलीच बोलली. "काका, हाच घ्या ना, माझ्यासारखा. मुंगीला चढावर झेपेल."

"तुझ्यासारखा नको गं राणी," बाबा मायेने म्हणाले. "तो वाकतो ना दाबला की."

"वाकतो? छे! कोण म्हणालं?"

बाबांनी मुंगीकडे पाहिलं. बाहुलीनेही पाहिलं. मुंगीने निळसर लॅपटॉप खाली ठेवला. खरं सांगायचं तर एवढ्या फजितीतही तिच्या नजरेने एक माप घेतलं होतं: त्या काळ्या धुडाचा पडदा बाहुलीच्या पडद्यापेक्षा चांगला चार बोटं मोठा होता.

"भारीच घेऊ, बाबा," ती म्हणाली. ते ऐकताच बाबा बाकीचं सगळं विसरले आणि पैसे मोजायला लागले.

भारी लॅपटॉप शाळेत आला तेव्हा पोरं गोळा झाली, पडदा बघून "भारी!" म्हणाली, आणि मुंगीची मान जरा वर झाली. ती तासभरच वर राहिली. दुसऱ्या तासाला बॅटरी संपली. चार्जर विटेएवढा होता आणि वर्गातला प्लग मागच्या भिंतीला. मुंगीला आपला बाक सोडून मागे जावं लागलं. तिथे लॅपटॉपचा पंखा असा घरघरायला लागला की बाईंनी शिकवणं थांबवून विचारलं, "कुणाला झोप लागली आहे का?" वर्ग हसला. पुढच्या बाकावर मुंगीच्या जागेवर दुसरीच कुणी मुलगी जाऊन बसली होती आणि बाहुलीच्या चंदेरी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बघत होती. डोक्याला डोकं लावून. मुंगीच्या जिवाची नुसती लाही लाही झाली.

घरी बाबा रोज विचारायचे, "कसा चाललाय?"

"भारी," मुंगी म्हणायची आणि खांदे चोळत आत जायची.

एका सकाळी चढाच्या मध्यावर तिला थांबावंच लागलं. पट्टे खांद्यात रुतले होते. मागून बाहुली आली, तिने काही न विचारता मुंगीच्या पाठीवरचं दप्तर काढलं, आपलं तिला दिलं आणि ते धूड स्वतःच्या पाठीवर चढवलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "हे रोज आणतेस?"

दोघी चालू लागल्या. मुंगीच्या पाठीवर आता काही नसल्यासारखंच होतं.

"तुला एक सांगू?" बाहुली धापा टाकत म्हणाली. "आई तुमच्यावर फुगली होती. काका हलका म्हणाले ना म्हणून. मी तिला समजावलं. म्हटलं, अगं, मीच मुंगीला म्हटलं होतं, किती हलका आहे बघ. तेच तिने घरी सांगितलं असणार, आणि काकांनी आपल्या सुतारकामातलं ऐकलं. ते वाकण्याचंही असंच काहीतरी. मुंगी असं मुद्दाम कशाला बोलेल? आता आई येणार आहे तुमच्याकडे, आज संध्याकाळीच." मग तिने वळून पाहिलं. "तसंच झालं ना?"

हो म्हटलं असतं की संपलं. बाहुलीने सगळं आयतं हातात आणून दिलं होतं. मुंगीने तिच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम, केस चिकटलेले, पाठीवर दुसऱ्याचं ओझं, आणि चेहऱ्यावर शंकेचा मागमूस नाही. इतकं चांगलं असणंसुद्धा हिच्याच वाट्याला यावं, हे मुंगीला सहन होईना. हिच्याकडून आणखी काही घेणं तिला नको झालं.

"नाही," ती म्हणाली. "बाबांना तो वाईट माल वाटावा म्हणूनच मी हलका म्हटलं. आणि वाकतो हे मीच सांगितलं. मनाने."

"का?"

"मला हवा होता. तुझा."

 बाहुलीने मुंगीचं दप्तर उतरवून रस्त्याकडेच्या कठड्यावर ठेवलं, अगदी अलगद, आपटलं नाही. मुंगीच्या पाठीवरचं आपलं दप्तर काढून घेतलं आणि चढ चढायला लागली.

मुंगीने आपलं ओझं पाठीवर घेतलं. पट्टे जुन्या जागी रुतले. पुढे बाहुली चालली होती. एवढी दुखावली होती, रडतही असेल कदाचित, तरी मागे न बघता भराभर वर जात होती. खालून तिच्याकडे बघताना मुंगीला त्याचाही हेवा वाटला.