नविन, भारत

मित्रांनो, माझी ओळख करून देणे जरा अवघड आहे. मी एक जुना बिल्ला. छातीवर लावायचा, बोटभर लांब, सोनेरी मुलाम्याचा. माझ्यावर एक नाव कोरलेले आहे, पण ते माझे नाही. ज्याचे होते तो आता नाही, आणि ज्याने मला तीन वर्षे मिरवले त्याचे नाव वेगळेच आहे. एवढा घोळ माणसाच्या आयुष्यात असता तर त्याला तहसील कचेरीत खेटे घालावे लागले असते. मी बिल्ला, म्हणून फक्त खुंटीवर आहे.

माझा जन्म एका बंदराजवळच्या दुकानात झाला. खोक्यात शंभर पत्रे होते, सगळे कोरे, सगळे चकचकीत. यंत्राची सुई माझ्यावर फिरली, थोडे दुखले, आणि वरच्या ओळीत 'नविन', खालच्या ओळीत 'भारत' अशी इंग्रजी अक्षरे उमटली. मला फार अभिमान वाटला. एवढा मोठा देश अंगावर मावला, म्हणजे मी काही साधा पत्रा नव्हे!

मला एका प्रवासी जहाजावर धाडले. अकरा मजले, तीन हजार पाहुणे, आणि त्यांना दिवसातून सहा वेळा लागणारी भूक. नविन तिथल्या मोठ्या जेवणघरात वेटर होता. तलासरीपलीकडच्या पाड्यावरचा, भात-नाचणी पिकवणाऱ्या घरातला. नोकरी लागेपर्यंत त्याने समुद्र दोनदाच पाहिला होता. रोज तो मला रुमालाने घासून लख्ख करी. ते माझे सुखाचे दिवस होते.

टिप म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवे. जहाजावर टिपेचा काही भाग पाहुण्यांच्या बिलातच लावलेला असतो. तो मिळतो, पण कोणाकडून मिळाला ते कळत नाही. खरी टिप शेवटच्या संध्याकाळी, पांढऱ्या पाकिटातून, हातात मिळते. त्या संध्याकाळी बऱ्याच पाहुण्यांचे नेमके पोट दुखू लागते आणि ते जेवायला येत नाहीत. हा आजार डॉक्टरांना माहीत नाही, वेटरांना चांगला माहीत आहे. जे येतात ते पाकिटावर वेटरचे नाव लिहितात. कुठून? माझ्यावरून बघून. चेहऱ्याकडे पाहायची वेळ येऊ नये म्हणूनच तर आम्हाला बनवले आहे.

टेबल चौदावर दरवर्षी एक म्हातारी मडम एकटीच येई. ती मात्र चेहऱ्याकडे पाही. "नविन," ती विचारी, "यंदा आईला भेटणार ना?"

"येस मॅडम," नविन म्हणे. मग त्याचा करार संपे, आणि तो घरी न जाता दुसरा करार करी. असे तीनदा झाले.

एका पहाटे त्याने मला कोटावरून काढले आणि टेबल चौदावर, घडी घातलेल्या रुमालाशेजारी ठेवले. मला वाटले, घासायचे असेल. तो डेककडे गेला, आणि त्यानंतर कोणालाच दिसला नाही. भोंगे वाजले, जहाज मागे फिरले, अर्धा दिवस शोध झाला. मग कागदावर 'बेपत्ता' असे लिहून त्याचे कपडे खोक्यात भरून गावी पाठवले. मला पाठवले नाही. बिल्ला कंपनीचा असतो, हरवला तर पगारातून पैसे कापतात. इथे माणूस हरवला होता, बिल्ला सापडला होता, म्हणून नविनच्या पगारातून काहीही कापले गेले नाही.

तुम्ही विचाराल, त्याचे काय झाले? मला ठाऊक नाही. मी त्याच्या छातीवर होतो, तरी आत काय चालले आहे ते मला कळले नाही. पत्र्याला ऐकू येते ते बाहेरचे, एवढेच.

दोन वर्षे मी ड्रॉवरमध्ये काढली. मग भाविक आला. भाविक धाकटी डहाणूचा. बाप, काका, आजा सगळे मासेमारी करणारे. त्याच्या बिल्ल्यावर कोरणाऱ्याने ऐकले तसे कोरले होते, 'बिहेव'. म्हणजे नीट वाग. पाहुणे ते वाचत, हसत आणि सरळ बसत. पण भाविकची खरी अडचण दुसरीच होती. कोणी हाक मारली की तो वळतच नसे. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसऱ्या हाकेला वळे, तोवर सूप गार झालेले असे.

"ए धाकटी डहाणू, बहिरा आहेस काय?" हेडवेटर फुर्ताद ओरडला.

"नाही सर. आमच्याकडे दिवेलागणीनंतर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत."

"का?"

"समुद्रात गेलेली माणसं हाक मारतात. पण त्यांना एकदाच मारता येते. तीनदा मारली तर समजायचं जिवंत माणूस आहे."

फुर्तादने हातातली यादी खाली ठेवली. "बाबा रे, तीनशे वीस नंबरची बाई चटणी मागतेय. ती जिवंत आहे. मी खात्रीने सांगतो."

मग त्याने ड्रॉवर उघडला. "तो 'बिहेव' काढ आधी. पाहुण्यांना दम दिल्यासारखं दिसतं. नवा येईपर्यंत हा लाव."

"कोणाचा आहे, सर?"

"कोणाचा नाही."

मित्रांनो, त्या संध्याकाळी चमत्कार झाला. "नविन!" अशी हाक आली आणि भाविक पहिल्या हाकेला गर्रकन वळला. त्याने मनाशी हिशेब मांडला होता. हाक आपल्या नावाची नाहीच, तर ओ द्यायला काय हरकत? त्याचा नवा बिल्ला कधी आला नाही, आणि त्याने मागितलाही नाही. पाहुणे खूश, फुर्ताद खूश. शेवटच्या संध्याकाळी भाविकच्या खिशात पाकिटे मावत नसत. प्रत्येकावर नविनचे नाव.

घरून त्याची आई चंद्रावती फोन करी. ती डहाणूच्या बाजारात मासे विकते, तिला कोणी फसवू शकत नाही.

"वाढपीच ना तू? मग जेवणारे तुला पैसे कशाला देतात? लग्नात वाढप्याला कोण देतं?"

"आई, टिप असते ती. खूश होऊन देतात."

"म्हणजे नाव किनाऱ्याला लागली की खलाशाला कालवणापुरते मासे वेगळे देतात, तसं."

"हां, तसंच."

"मग बरं आहे. पण ते ज्याने जाळं ओढलं त्यालाच द्यायचं असतं हां. काठावर उभं राहिलेल्याला नाही."

भाविकने घाईघाईने फोन ठेवला.

गेल्या वर्षी टेबल चौदाची मडम पुन्हा आली. मधली वर्षे ती आजारी होती, आता तिची नजर अधू झाली होती. तिने माझ्यावर बोट फिरवले आणि अक्षरे चाचपली. तिचा चेहरा उजळला.

"नविन! आईला भेटलास ना रे अखेर?"

मी भाविकच्या छातीवर होतो. आतला ठोका चुकलेला मला या वेळी कळला. त्याने नाही म्हणायला हवे होते. मी तो नव्हे, म्हणायला हवे होते. पण हाकेला वळायची सवय झालेल्या माणसाचे तोंडही तसेच वळते.

"येस मॅडम," भाविक म्हणाला. "भेटलो."

म्हातारीने डोळे पुसले. शेवटच्या संध्याकाळी तिने पाकीट दिले, त्यावर वाकड्या अक्षरांत लिहिले होते, 'नविनला, आईकडे गेल्याबद्दल'. ते पाकीट भाविकने उघडले नाही. नविन कोण, कुठल्या पाड्यावरचा आणि कसा बेपत्ता झाला, ते त्याने फुर्तादकडून काढून घेतले. त्या दिवसापासून तो रिकाम्या जेवणघरातही मध्येच वळू लागला. कोणी हाक मारलेली नसे. मला विचाराल तर, नेहमीच नसे असे मी छातीठोक सांगणार नाही.

रजेवर निघताना मला जमा करायचे असते. त्याने केले नाही. शर्टाच्या खिशात, त्या पाकिटाशेजारी, मी धाकटी डहाणूला आलो. ओट्यावर बोंबील वाळत होते. दिवेलागणीला चंद्रावतीने स्वयंपाकघरातून हाक मारली, "भाविक!" ओ नाही. ठीक. "भाविक!" ठीक. "भाविक!" भाविक समोरच खाटेवर मोबाइल बघत बसलेला, मान वर केली नाही. चौथी झाली, पाचवी झाली.

चंद्रावती दारात येऊन उभी राहिली. धुवायच्या शर्टातून तिने दुपारीच मला काढले होते आणि शेजारच्या क्रांतीकडून वाचून घेतले होते. ती अगदी हळू, पुटपुटल्यासारखी म्हणाली, "नविन."

"येस मॅडम!" भाविक ताडकन उभा राहिला.

तिच्या हातातली पळी खाली पडली. मग तिने खोदून खोदून विचारले आणि त्याने सगळे सांगितले, मडमचे आणि पाकिटाचेही.

"समुद्रात गेलेल्याच्या नावाला तू पहिल्या हाकेला ओ दिलीस? किती वेळा?"

"तीन वर्षं. रोज जेवणाच्या दोन पाळ्या."

"आणि माझ्या हाकेला देत नाहीस. ते नाव घरात राहिलं तर माझा मुलगा कुठे राहील रे? उद्याच्या उद्या त्याच्या घरी पोचव. मी येते बरोबर. तू एकटा गेलास तर परत कोण येईल, सांगता येत नाही."

कासापर्यंत बस, तिथून तलासरीकडे जीप, शेवटी पायवाट. चंद्रावतीने सुक्या बोंबलांची जुडी मांडीवर धरली होती, जीपमधले सगळे खिडकीबाहेर तोंड करून बसले. नविनची आई जयवंती अंगणात भात झोडत होती. जहाजावरचा पोरगा आला म्हणताच तिने हात झटकले, पाणी दिले, बोंबलांचा वास घेऊन "ताजे सुकवलेत" म्हणाली. दोघी बायका भात, मासे, महागाई सगळे बोलल्या. भाविकचा हात खिशात होता, मी त्याच्या मुठीत घामाने भिजलो होतो. तो काही मला बाहेर काढेना.

दिवेलागण झाली. जयवंती उठली, अंगणाच्या कडेला गेली आणि पायवाटेकडे तोंड करून तिने हाक दिली, "नविन!"

"ओ!" भाविक म्हणाला.

चंद्रावतीने तोंडावर पदर दाबला. जयवंती सावकाश वळली. तिच्या चेहऱ्यावर काय होते ते मला सांगवत नाही.

"तू माझा नविन नाहीस," ती म्हणाली. "तो पहिल्या हाकेला कधी आला नाही. महा आळशी. तिसऱ्या हाकेला यायचा, तोही चुलीवरून भात उतरल्यावर. तुझं नाव काय?"

चंद्रावतीचे ओठ हलले, पण तिने नाव सुचवले नाही. उत्तर येईपर्यंत अंगणातली कोंबडी खुराड्यात जाऊन बसली.

"भाविक," तो अखेर म्हणाला. "मी भाविक, मावशी. धाकटी डहाणूचा." आणि मग त्याने सगळे तिच्यापुढे ठेवले. मला, पाकिटाला, आणि 'भेटलो' म्हणून सांगितलेल्या खोट्यालाही.

जयवंतीने मला तळहातावर घेतले. "काय लिहिलंय?"

"नविन. भारत."

"गावाचं नाव नाही?"

"तेवढी जागा नसते, मावशी."

"भारत केवढा मोठा. त्यात याला कोण शोधणार होतं?"

मित्रांनो, ज्या ओळीचा मला आयुष्यभर अभिमान होता, तिची मला त्या क्षणी लाज वाटली.

ती पाकिटावरून अंगठा फिरवीत राहिली. "त्या बाईने माझी विचारपूस केली?"

"हो. दरवर्षी करायची. नविनला."

"मग तिला कळव, आईला भेटलो म्हणून. आता ते खोटं राहिलं नाही. पण तुझ्या नावाने कळव. माझ्या पोराचं काय झालं तेही कळव. बिचारी उगाच खुशीत नको राहायला."

मग ती चंद्रावतीला म्हणाली, "पाच वर्षं झाली, बाय. रोज दोनच हाका मारते. तिसरी मारत नाही. तिसरीला यायचा तो. तिसरीलाही नाही आला, तर?"

चंद्रावतीने तिचा हात धरला. दोघी अंगणाच्या कडेला गेल्या. जयवंतीने दुसरी हाक मारली. मग, खूप वेळाने, तिसरी. समोरच्या टेकडीवरून ती हाक तशीच परत आली.

कोणी आले नाही.

जयवंती आत आली. फळीवरचे एक ताट तिने काढले, धूळ पुसली, त्यात भात आणि बोंबलाचे कालवण वाढले. हजारो लोकांना वाढणाऱ्या भाविकला ते ताट घेताना हात कुठे ठेवावेत ते कळेना. "भाविक," ती म्हणाली, "आणखी भात घेतोस?"

बाहेर काळोख पडला होता. भाविकने आईकडे पाहिले.

"दे ओ," चंद्रावती म्हणाली. "जिवंत बाई आहे."

त्याने ओ दिली. जाताना मला मात्र तो तिथेच ठेवून गेला. मी आता खुंटीवर, नविनच्या परत आलेल्या शर्टाच्या खिशावर लावलेला आहे. मुलामा उडत चालला आहे. घासत कोणी नाही, आणि तेच बरे आहे.

मित्रांनो, तुमच्यापुढे कधी कोणी ताट आणून ठेवले, तर माझ्यासारख्यावर विसंबू नका. आम्ही खोटे असू शकतो. वर पाहा. नाव त्यालाच विचारा, आणि गावही विचारा. टिप द्यायची ती त्यानंतर द्या. आणि घरून तुम्हाला हाक आली, तर तिसरीची वाट पाहू नका.

जयवंती आता संध्याकाळी हाका मारीत नाही. ती चूल पेटवते, जेवते, दार ओढून घेते. पण कधी कधी, सारे निजानीज झाल्यावर, वारा नसताना शर्टाची बाही हलते आणि पायवाटेकडून "आये" अशी हाक येते. एकदाच.

जयवंती उठून बसते. दिवा लावते. आणि लगेच ओ देते.