गाळाखालची कबर

माधवनगरच्या रूथबाई आवळेंचे यजमान सायमन मार्चमध्ये वारले आणि त्याच पावसाळ्यात महापूर आला. चर्चच्या मंडळींचं कबरस्तान नदीच्या अंगाला, सखल जागेत. पाणी ओसरलं तेव्हा तिथं नुसता काळा गाळ पसरला होता. सायमनची कबर अजून मातीचीच होती, वर एक लाकडी क्रूस. वर्ष झालं की फरशी बसवायची, असं ठरलेलं. क्रूस वाहून गेला आणि कबर नेमकी कुठं होती, ते कुणालाच सांगता येईना.

रूथबाई निवृत्त होईपर्यंत पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेत मेट्रन होत्या. पोरांचे मोजे, कंपास, स्वेटर शोधून देण्यात उभी हयात गेलेली. आपलाच माणूस सापडत नाही, हे त्यांच्या मनाला पटेना. रविवारची उपासना सुटली की त्या खुरपं घेऊन कबरस्तानात जायच्या. गाळ वाळून दगडासारखा झाला, तरी त्या उकरतच होत्या.

मुलगी अंकिता पुण्याहून फोनवर म्हणायची, "आई, अंदाजानं एक जागा धर. फरशी बसवून टाकू."

"परक्याच्या उशाशी जाऊन रडू होय मी?" रूथबाई विचारायच्या.

हिवाळ्यात एकदा चर्चचे पाळक शांतवन त्यांना शोधत तिथं आले आणि बांधावर बसले. रूथबाईंनी मनात कोंडलेलं विचारून टाकलं. "पाळकसाहेब, शेवटच्या दिवशी मेलेले उठतील म्हणता. पण जो नदीनंच नेला असंल, तो कुठून उठायचा?"

"कसं ते मला सांगता येणार नाही, बाई," शांतवन म्हणाले. "पण प्रभूच्या कबरेवर पहाटे गेलेल्या बायकांचा विचार करा. त्याही आपलं माणूस शोधायलाच गेल्या होत्या. देह त्यांनाही सापडला नाही. आधी त्या घाबरल्याच. आनंद नंतर झाला."

रूथबाईंचं समाधान झालं नाही. पण साहेबांनी गोड गोड बोलून वेळ मारून नेली नाही, एवढं त्यांना बरं वाटलं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी मंडळी साफसफाईला जमली. पहाटेची उपासना कबरस्तानातच व्हायची. कुंपणाजवळ रूथबाईंचं खुरपं कशावर तरी खणकन वाजलं. सायमनच्या कबरेवर दगड नव्हता, हे ठाऊक असूनही त्यांनी हातांनी भराभर गाळ बाजूला केला. एका कबरेच्या विटांच्या कडेलगत पालथी पडलेली एक छोटी फरशी निघाली. साफसफाईला आलेल्या दोघांनी ती उलटी केली, पाणी ओतलं. अक्षरं उमटली : सारा.

मंडळीतल्याच भाऊसोंची लेक. चार वर्षांची असताना तापानं गेलेली. पुरानंतर भाऊसो आणि त्यांची बायको बयाबाई दोनदा येऊन शोधून गेले होते. नंतर बयाबाईंनी उपासनेला येणंच सोडलं होतं.

रूथबाई तिथंच मातीत बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. ते रडू सारासाठी होतं की सायमनसाठी, त्यांनाही कळलं नाही. मग त्यांनी तोंड धुतलं, फरशी घासून स्वच्छ केली आणि चालत भाऊसोंच्या वस्तीवर गेल्या.

"बयाबाई, तुमची सारा सापडली."

बयाबाई भाकरी थापत होत्या. पिठाच्या हातानंच त्या उठल्या. "खरं सांगताय? आवं, खरं?"

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दोघं नवराबायको आली. बयाबाईंनी मोगऱ्याची ओंजळ आणली होती. त्या फरशीजवळ बसल्या आणि झोपलेल्या पोराच्या अंगावरून फिरवावा तसा त्यांनी दगडावरून हात फिरवला. मग त्यांनी वर बघितलं.

"बाई, तुमचं माणूस कुठं हाय?"

रूथबाईंनी मोकळ्या जमिनीवरून हात फिरवला. "इथंच कुठंतरी. मला न्हाई माहीत." मग त्या म्हणाल्या, "पण देवाला माहीत हाय. आजपासनं मी शोधणार न्हाई."

आपण हे बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं. मन मात्र शांत होतं.

बयाबाईंनी साराच्या फरशीवर थोडी फुलं ठेवली आणि उरलेली रूथबाईंच्या हातात दिली. कुठं वाहायची, ते दोघींनाही कळेना. मग रूथबाईंनी ती मोकळ्या जमिनीवर, जिथं पडतील तिथं उधळली.

पूर्वेला तांबडं फुटलं. पाळकांनी मोठ्यानं म्हटलं, "प्रभू उठला आहे!" मंडळींनी उत्तर दिलं, "खरोखर उठला आहे!" त्यात बयाबाईंचा घोगरा आवाज रूथबाईंना वेगळा ऐकू आला, आणि मग त्याच्या मागोमाग आपलाही.

उपासना झाल्यावर भाऊसो म्हणाले, "बाई, आज आमच्याकडं जेवायला चला. एकट्यानं सण करायचा न्हाई."

"अंकिता यायची हाय पुण्यासनं."

"मग तिलाबी घेऊन या की. लय बरं वाटंल," बयाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी रूथबाईंचा हात धरला.