पत्र्याची कड

मिस्त्रींनी डाव्या हाताने पत्रा उलटा केला, खालची कड बघितली आणि तोंड वाकडं केलं. कापलेल्या रेघेला वितळलेल्या लोखंडाची मळी लोंबत होती, थेंबाशेजारी थेंब, गार होऊन घट्ट बसलेली.

"पत्रा कापलास की कुरतडलास?"

सुनेने काळा चष्मा कपाळावर सरकवला. हात हळू गेला, एवढंच ती म्हणाली आणि लोखंड कापायच्या गॅसच्या टॉर्चची ज्योत विझवली. मिस्त्रींनी लगेच हातोडी मागून घेतली, स्टूल पुढे ओढलं आणि एकेक थेंब ठोकून पाडायला बसले. डाव्या हाताने हे काम जमत होतं. उजवा हात मांडीवर पडून होता. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याला ऊन कळत नव्हतं की गार.

मुलगा गेल्यावर वर्कशॉपला कुलूप लावायचं मिस्त्रींनी ठरवलंच होतं. पण एका सकाळी सून नवऱ्याचा जुना शर्ट घालून, बाह्या दुमडून समोर उभी राहिली आणि मला शिकवा म्हणाली. ठिणग्यांनी भोकं पडलेला तो शर्ट बघून मिस्त्रींना नाही म्हणवलं नाही. तेव्हापासून तोंड त्यांचं आणि हात तिचा, असं चाललं होतं. तोंडाला मात्र कधी सुट्टी नव्हती.

जाड लोखंडात गाढवही खपून जातं, असं ते म्हणायचे. माणसाची परीक्षा पातळ पत्र्याला. नोझल सगळ्यांत बारीक घ्यायचं, ज्योत जेवढ्यास तेवढी ठेवायची, टॉर्च जवळजवळ आडवा निजवायचा, तोंड पुढच्या दिशेला, आणि हात सुटला की मध्ये थांबायचं नाही. टॉर्च उभा धरला किंवा हात रेंगाळला, की कडा वितळतात, खाली मळी धरते आणि मागे कापलेलं मागेच पुन्हा जुळतं. मिस्त्रींचा नियमही जुना होता. काप पूर्ण झाल्यावर पत्रा पाण्यात बुडवायचा आणि हातोडी न लावता कडेवरून तळवा फिरवायचा. तळव्याला काही लागलं नाही, तर माणूस तयार. तोवर त्याला दुसरीकडे कामाला पाठवायचं नाही. पोटच्या मुलालाही त्यांनी यातून सूट दिली नव्हती.

आणि आता सुनेची वाट बघणारा माणूस होता. बंदराजवळच्या टाक्यांच्या कारखान्याचा फोरमन, मिस्त्रींचा जुना दोस्त. पातळ पत्र्याला हात हवा, राहायला खोलीही देतो, असं तो दोनदा सांगून गेला होता. सून दोन्ही वेळा म्हणाली, बाबा म्हणतील तेव्हा. आणि बाबा काय म्हणणार? कड तर रोज खरबरीतच निघत होती.

खरं सांगायचं तर मिस्त्रींना त्या खरबरीत कडेचं बरं वाटत होतं. तोंडाने ते करवादायचे, पण मळी दिसली की मनातून हुश्श व्हायचं. चला, अजून काही दिवस संध्याकाळी चहाचे दोन कप निघतील. मग स्वतःचीच लाज वाटायची. गल्लीतली निम्मी दुकानं बंद झाली होती, काम घेऊन येणारी माणसं आटली होती. आपण आज आहोत, उद्या नाही. मग ही पोर इथे कुणाच्या तोंडाकडे बघत बसणार? हे सगळं त्यांना कळत होतं, आणि तरीही रोज सकाळी मळी दिसावी असं वाटत होतं.

त्या गुरुवारी हाताच्या व्यायामाला गेलेले मिस्त्री लवकर परतले. शिकवणाऱ्या बाई रजेवर होत्या. वर्कशॉपच्या पत्र्याच्या दाराशी आले आणि तिथेच थबकले.

आतून आवाज येत होता. नवं कापड एका दमात फाडावं तसा, फर्र, सलग, कुठेही न अडखळणारा. हा आवाज मिस्त्रींनी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. त्यांच्या हातून निघायचा तो, आणि नंतर मुलाच्या. क्षणभर त्यांना भलतंच वाटून गेलं.

फटीतून त्यांनी बघितलं. सून ओणवी होती. टॉर्च पत्र्यावर निजलेला, ठिणग्यांचा झोत पुढे तिरपा पडत होता आणि तिचा हात असा सरकत होता, की त्याला आता कुणी काही शिकवावं असं उरलंच नव्हतं. ती गिऱ्हाइकाची झाकणं कापत होती. मिस्त्रींना नेहमी वाटायचं, गिऱ्हाईक एवढं खूश कसं. ती ठोकून साफ करून देत असेल, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती.

त्यांची काठी दाराला लागली. सुनेने मान वर केली नाही, पण टॉर्च हळूच उभा झाला. हात रेंगाळला. फाटण्याचा आवाज गेला आणि गुळण्या केल्यासारखी गुरगुर सुरू झाली.

मिस्त्री आत गेले, स्टुलावर बसले. पत्रा गार झाल्यावर त्यांनी तो उलटा केला. अर्धी कड आरशासारखी होती आणि अर्धीला मळी. मळीचे थेंबही सारखे, सारख्या अंतरावर, माळेत ओवल्यासारखे. नवशिक्याची चूक अशी नसते. ती इथे जास्त, तिथे कमी असते. इतकी एकसारखी चूक करायला तयार हातच लागतो. एवढे दिवस आपण ही माळ ठोकत बसलो आणि आपल्याला दिसलं नाही, की आपण बघितलंच नाही?

ताकाला जाऊन भांडं का लपवतेस, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण भांडं दोघांनीही लपवलेलं होतं. त्यांनी नेहमीसारखी हातोडी मागितली, नेहमीसारखे करवादले, आणि त्या रात्री जेवले नाहीत.

शनिवारी फोरमन आला. धुराने त्याला खोकला यायचा, म्हणून तो बाहेरच्या बाकावर बसला. मिस्त्रींनी सुनेला एक पट्टी कापायला सांगितली. तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं, चष्मा खाली ओढला आणि टॉर्च उभा धरला. गुरगुर सुरू झाली.

पट्टी बादलीत बुडवून तिने पुढे केली. हातोडी मिस्त्रींजवळच होती. त्यांनी ती पायाने बाजूला सारली. मग पट्टी गुडघ्यांत धरली आणि डावा तळवा कडेवर ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेला, जसा मुलाच्या वेळी नेला होता.

"साफ आहे," ते बाहेर ऐकू जाईल असं म्हणाले. "कुठे काही लागत नाही. घेऊन जा हिला."

फोरमन बाहेरूनच हसला. तुमच्या तळव्यापुढे आम्ही कोण बोलणार, पहिल्या तारखेला पाठवा, खोली झाडून ठेवतो, असं म्हणून तो निघाला. त्याची पावलं गल्लीत विरेपर्यंत दोघंही हलली नाहीत. मिस्त्रींची मूठ वळलेली होती.

"बघू," सून म्हणाली.

"राहू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

तिने समोर बसून एकेक बोट उघडलं. तळवा बोटांच्या मुळाशी आडवा फाटला होता. तिने तो धुतला, स्वच्छ फडकं घट्ट बांधलं.

"मी इथून गेले तर तुम्हाला..." ती गाठ मारत म्हणाली.

"मला कळलंय, पोरी. गुरुवारीच कळलं. आता माझ्यासाठी खोटं कापायचं नाही."

ती उठली. डोळे पुसून तिने चष्मा लावला, टॉर्च पुन्हा पेटवला, ज्योत बारीक केली आणि तो पत्र्यावर निजवला. फर्र आवाज झाला. मिस्त्रींनी तो डोळे मिटून ऐकला.

पट्टी गार करून ती त्यांच्यापुढे बसली. डाव्या हाताला फडकं होतं, म्हणून तिने त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला आणि तो तळवा कडेवरून हळूहळू फिरवला. मग उलटा करून दोघांनी बघितला. तळव्यावर ओरखडाही नव्हता.

"नाही," मिस्त्री म्हणाले. "कुठेच नाही."

तिने तो हात खाली ठेवला नाही. आपल्या दोन्ही हातांत धरून बसून राहिली. हाताला काही कळत नव्हतं, पण मिस्त्रींनी तो काढूनही घेतला नाही. मागे अडकवलेल्या टॉर्चची ज्योत अजून सूं सूं करत होती.

"सिलिंडर बंद कर," ते म्हणाले. हे तिला आजवर कधी सांगावं लागलं नव्हतं.