कर्ता हरवलेला प्रयोग

मित्रांनो, मी एक जुना ड्रायर आहे. जुना म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर गंजलेला, पत्रा उचकटलेला एखादा डबा आला असेल. तसा मी नाही. वर्षे मोजली तर मी तरुणच आहे. पण यंत्राचे वय त्याला किती जण विसरले यावर ठरते, आणि त्या हिशेबाने मी चांगलाच म्हातारा आहे.

मी दिसतो कपाटासारखा. उंच, स्टीलचा, दोन दारांचा. आत साड्यांच्या जागी जाळीचे ट्रे आहेत. ट्रेवर कांद्याच्या चकत्या पसरायच्या, खालची कॉइल तापवायची, मग पंखा पाठीमागच्या जाळीतून हवा ओढतो आणि ती गरम होऊन चकत्यांमधून फिरते. सकाळी ओल्या ठेवलेल्या चकत्या संध्याकाळपर्यंत खुळखुळ वाजू लागतात. एवढेच माझे काम. एवढ्याशा कामासाठी मला जन्माला घालायला मात्र तीन ठिकाणची माणसे लागली.

पहिल्या उज्वलाताई. त्या नाशिक जिल्ह्यातल्या देवळा गावच्या. डी.एड. करून त्यांना मराठीच्या बाई व्हायचे होते. शिक्षकभरतीची वाट पाहून थकल्या, तेव्हा त्यांनी शेजारपाजारच्या बायका जमवल्या आणि कांदा वाळवून विकायला सुरुवात केली. गच्चीवर प्लास्टिक अंथरायचे, वर चकत्या, आणि वारा सुटला की त्यावर साऱ्या गल्लीची धूळ. विंचूरजवळची एक मसाल्याची कंपनी तो माल कधी घेई, कधी परत पाठवी. तिथले खरेदी पाहणारे अश्विन साहेब यांनी शेवटी स्पष्टच सांगितले की माल एकसारखा वाळलेला आणि स्वच्छ आला तर कंपनी वर्षभर घेईल, नाहीतर गच्चीवरचा कांदा यापुढे नको. गटातल्या बायकांना दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायचे की गटाने भाड्याने घेतलेल्या शेडमध्ये काम करायचे, हे त्या मालावर अवलंबून होते.

दुसऱ्या मोहिनी मॅडम. त्या नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. उज्वलाताईंची अडचण ऐकून त्यांनी माझा आराखडा काढला. तिसरे धनराजभाऊ. अंबडच्या एमआयडीसीत त्यांचे लहानसे वर्कशॉप आहे. मॅडमचा कागद त्यांनी उलटासुलटा करून पाहिला, डोके खाजवले, आणि पत्रा कापायला घेतला. त्यांच्या वेल्डिंगच्या ठिणग्या ही माझी पहिली आठवण आहे. हात लावेल तिथे काम चोख करणारा माणूस. त्यांच्या तोंडी एकच वाक्य असे, "होऊन जाईल." दार नीट लागत नाही? होऊन जाईल. पंखा आवाज करतो? होऊन जाईल. आणि खरोखर बहुतेक गोष्टी होऊनही जात, कारण त्या गोष्टी भाऊ स्वतःच करत.

मी तयार झालो तेव्हा माझ्या दारावर एक चकचकीत पाटी ठोकली गेली. तिच्यावर लिहिले होते, 'सदर यंत्र महाविद्यालय, उद्योग व महिला गट यांच्या संयुक्त विद्यमाने विकसित करण्यात आले आहे.' मला बरेच दिवस वाटे की संयुक्त विद्यमाने हे कोणा गृहस्थाचे नाव असावे. आडनाव माने असते, तसे विद्यमाने. कार्यक्रमांच्या बॅनरवरही त्यांचेच नाव दिसे. एवढा कामाचा माणूस एकदा तरी भेटायला येईल म्हणून मी वाट पाहिली. ते काही आले नाहीत.

मला देवळ्याला पाठवण्याआधी कॉलेजात एक बैठक झाली. ह्याची निगा कोण राखणार, असा प्रश्न निघाला. चहा येत होता, त्यामुळे उत्तर लवकर सापडले. 'यंत्राची देखभाल वेळोवेळी केली जाईल,' असे कागदावर लिहिले गेले. धनराजभाऊ म्हणाले, होऊन जाईल. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि बिस्किटे संपवली.

देवळ्यात माझे स्वागत थाटात झाले. गटातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या सिंधुबाई. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले आणि निकाल दिला, "हाई ते कपाट शे." तेव्हापासून माझे नाव कपाट पडले. दोनच दिवसांनी खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची आणि यंत्रांची पूजा करतात, हे तुम्हाला माहीत आहेच. मला हळद-कुंकू लागले, नारळ फुटला, पेढे वाटले गेले. झेंडूचा भलामोठा हारही आणला होता. दारावर हार अडकवायला खिळा नव्हता. म्हणून तो पाठीमागच्या जाळीला बांधण्यात आला.

मित्रांनो, ती जाळी म्हणजे माझे नाक.

पुढचे तुम्ही ओळखले असेल. पंखा सुरू झाला की झेंडूच्या पाकळ्या जाळीवर चिकटत. कांदा सोलताना उडणारी तांबूस पापुद्र्यासारखी टरफले त्यांच्यावर येऊन बसत. थरावर थर चढत गेले. मला हवा मिळेना. हवा नाही म्हणून खालच्या ट्रेमधल्या चकत्या करपू लागल्या आणि वरच्या ओल्याच राहू लागल्या. माझ्या आतून जळका वास येई. बायका बाहेरून मला रोज फडक्याने पुसत, आरशासारखा लखलखीत ठेवत. मागे मात्र कोणी हात लावत नसे, कारण ते कॉलेजचे मशीन, बिघडले म्हणजे? मॅडमना वाटे, वर्कशॉप पाहत असेल. धनराजभाऊंना वाटे, वापरणारे पाहत असतील. पूजा सगळ्यांनी केली, पण जाळी एकानेही झाडली नाही.

चाचणीचा माल विंचूरला गेला आणि तसाच परत आला. अर्धा काळा, अर्धा ओलसर. अश्विन साहेबांनी कळवले की अशा मालाचा विचार केला जाणार नाही. सगळ्यांनी मिळून दोष कोणाचा ते ठरवले. दोष माझा. मशीनच बरोबर नाही, असे म्हणून मला दुरुस्तीसाठी कॉलेजात परत पाठवले.

दुरुस्ती म्हणजे काय, तर मी प्रयोगशाळेबाहेरच्या बोळात उभा राहिलो. मला पाहिले जाणार होते, त्यामुळे कोणी पाहिले नाही. विद्यार्थी माझ्यात छत्र्या ठेवू लागले, शिपाईमामांनी एका ट्रेवर चहाचे कप मांडले. खोटे कशाला बोलू, मला फार वाईट वाटले. करपलेल्या कांद्याचाही एक मान असतो. छत्रीचे पाणी नुसतेच गळते. गंमत म्हणजे ह्याच काळात माझे कौतुक सर्वांत जास्त झाले. बाहेरगावची समिती आली की छत्र्या काढल्या जात, मला रेशमी फीत बांधली जात असे, आणि उद्योग व शिक्षण यांच्या संगमावर कोणीतरी बोले. माझ्यावर एक शोधनिबंधही छापून आला. समिती गेली की छत्र्या परत येत.

असे एक वर्ष गेले. मग एका दुपारी उज्वलाताई कॉलेजात आल्या. गटातल्या दोघीजणी मजुरीला जाऊ लागल्या होत्या. शेडच्या मालकाला दुसरे भाडेकरू मिळत होते. अश्विन साहेबांच्या मागे लागून ताईंनी आणखी एका चाचणीची परवानगी मिळवली होती, पण ती अखेरचीच. हे त्यांनी मॅडमना सांगितले आणि म्हणाल्या, मला माझे कपाट द्या.

मॅडम खजील झाल्या. त्यांनी अंबडहून धनराजभाऊंना बोलावून घेतले. तिघांनी मिळून मला बोळात आडवे केले, भाऊंनी मागचे स्क्रू काढले, आणि जाळी बाहेर आली. तिच्यावर वर्षापूर्वीचा झेंडू अजून होता. वाळून अगदी खुळखुळीत झालेला. सांगायला हरकत नाही, मी एकसारखा वाळवलेला तो पहिला माल.

कोणी हसले नाही. मॅडम हळूच म्हणाल्या, हे तपासले जायला हवे होते. धनराजभाऊ म्हणाले, बरोबर आहे, पण जाऊ द्या ताई, आता होऊन जाईल.

उज्वलाताई जमिनीवर बसल्या होत्या. जाळी त्यांच्या मांडीवर होती. त्या म्हणाल्या, "भाऊ, ह्या वाक्यात कर्ता कुठंय?"

भाऊंना वाटले, कुठला सुटा भाग हरवला. ते खाली पाहू लागले.

"शाळेत प्रयोग शिकला ना तुम्ही? कर्तरी, कर्मणी, भावे?" ताई म्हणाल्या. "काम होऊन जाईल, ह्यात कामच कर्ता हे. काम काय सोताच सोताला करणारे का? आणि मॅडम, तुमच्या कागदावर देखभाल केली जाईल असं लिवलंय. त्यात कर्ताच नाय. आपला प्रयोग फसला, तो तिथंच फसला."

मॅडम काही बोलणार होत्या, पण ताईंनी त्यांना थांबवले. "तुम्हाला दोघांनाच नाय म्हणत मी. तो हार मीच बांधलेला. मशीन कॉलेजचं हे, हात लावू नका, असं बायकांना सांगणारी पण मीच. आता एवढंच करू, जे बोलायचं ते मीपासून बोलू. जाळी मी साफ करते, रोज. तुमचं काय ते तुम्ही सांगा."

तसे पाहिले तर फार साधी मागणी होती. पण पगारदार आणि कामसू माणसांनाही 'मी' म्हणायला किती जड जाते, ते मी त्या दिवशी पाहिले. आधी मॅडम म्हणाल्या, पहिल्या खेपेला मी स्वतः देवळ्याला येते, प्रत्येक ट्रेमधला ओलावा मी मोजते. मग धनराजभाऊंनी घसा खाकरला. "पंखा आणि पट्टा मी बघतो," ते म्हणाले. "फोन करा. मी येतो."

मी पुन्हा देवळ्याला आलो. ताईंनी मला भिंतीपासून दूर, मागे माणूस उभा राहील अशा जागी ठेवले. मॅडम एसटीने आल्या, ओढणी कमरेला खोचून ट्रे खालीवर करत राहिल्या. आणि नेमक्या त्याच खेपेला, अर्धा कांदा वाळत आलेला असताना, माझ्या पंख्याचा पट्टा किंचाळला आणि सुटला. चकत्या तशाच राहिल्या तर आंबणार होत्या. सिंधुबाईंनी अंबडला फोन लावून मोबाईल सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. पलीकडून भाऊंचा आवाज आला, "होऊन..." आणि मध्येच थांबला. मग म्हणाला, "निघतो मी."

मोटरसायकलवरून नवा पट्टा गळ्यात घालून ते आले, तेव्हा बायका ट्रेवरच्या चकत्या सुपाने वारा घालून जपत होत्या. त्या दिवशी कोणी नारळ फोडला नाही. पण इतका मान मला खंडेनवमीलाही मिळाला नव्हता, असे मला वाटले.

माल विंचूरला गेला. नंतरचे दिवस ताईंनी कसे काढले, ते त्यांनाच ठाऊक. मी रिकामा उभा होतो, तरी त्या रोज सकाळी मागे जाऊन माझी जाळी पुसत. अखेर अश्विन साहेबांचा फोन आला. ताईंनी मोबाईल माझ्या डोक्यावर ठेवला आणि सगळ्या बायका माझ्याभोवती जमल्या.

साहेब म्हणाले, "ताई, तुमचा माल स्वीकारला जाईल."

बायकांनी एकमेकींचे हात धरले. सिंधुबाईंनी डोळ्यांना पदर लावला. उज्वलाताई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"कोण स्वीकारणार, साहेब?" त्यांनी विचारले.

फोन कट झाला की काय, असे वाटून सिंधुबाईंनी वाकून पाहिले.

"मी," साहेब म्हणाले. "मी स्वीकारतो, ताई. वर्षभर."

त्यानंतर माझ्या आत कांद्याखेरीज काही ठेवले गेलेले नाही. मजुरीला गेलेल्या दोघीजणी परत आल्या. पाटी अजून दारावर आहे, पण तिच्यावरच्या विद्यमाने साहेबांची वाट मी आता पाहत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत माझ्यासारखे कोणीतरी उभे असेल. एखादा पंखा, एखादी सायकल, पाण्याची टाकी. त्याच्याकडे बोट दाखवून कोणी 'होऊन जाईल' म्हणाले, तर त्या वाक्यातला कर्ता शोधा. सापडला नाही, तर तिथे स्वतःला बसवा. आम्हाला हार नको, फीतही नको. आमचे नाक मोकळे ठेवा, म्हणजे झाले.

आज सकाळी उज्वलाताईंनी माझी जाळी पुसली. हा कर्मणी प्रयोग आहे, हे मला ठाऊक आहे. पण पाहा, कर्ता जागेवर आहे.