स्टोअरकीपरची सही

“मावशी, खुर्ची जरा बाजूला घ्या. खोकी काढायचीत.”

“खोकी कुठंही जात नाहीत,” बाई म्हणाल्या आणि मांडीवरची पिशवी घट्ट धरून तशाच बसून राहिल्या.

खुर्ची त्यांनी बरोब्बर गोडाऊनच्या दारात मांडली होती. मागे लोखंडी ब्रॅकेटांची बावीस खोकी, पुढे टेम्पो, आणि मध्ये वही घेऊन उभा असलेला ड्रायव्हर. हा ड्रायव्हर नावाचाच. गेली अकरा वर्षं तो हे गोडाऊन सांभाळत होता, पण त्याला घेतलं तेव्हा कंपनीत ड्रायव्हरचीच जागा रिकामी होती. गाडी कंपनीकडे तेव्हाही नव्हती आणि आताही नव्हती.

“पण तुम्ही कोण, मावशी?”

“मी इथली स्टोअरकीपर.”

ड्रायव्हरने कपाळाला हात लावला. “त्या तुम्ही? अहो, अकरा वर्षं मी ‘स्टोअरकीपरकरिता’ म्हणून सही ठोकतोय. मला वाटलं, असं माणूसच नाहीये!”

“आहे की. समोर बसलंय.”

खरं तर बाईंनी उभ्या जन्मात गोडाऊन सांभाळलं नव्हतं. त्यांचं काम ड्रॉइंग तपासण्याचं. बावीस वर्षांपूर्वी साता समुद्रापलीकडच्या एका कंपनीने त्यांचं काम पाहिलं आणि पसंत केलं. ही कंपनी हॉस्पिटलांसाठी एक यंत्र बनवायची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला झोळीत घेऊन उचलायचं आणि अलगद खुर्चीत ठेवायचं, एवढंच त्या यंत्राचं काम. बाई घरी खिडकीपाशी बसून त्याचं प्रत्येक माप, प्रत्येक भोक भिंगाखाली घालून तपासायच्या. पण त्या कंपनीचं इथे ऑफिस नव्हतं. होती ती एक भगिनी कंपनी, खाटांची चाकं विकणारी. ‘आमचं माणूस तुमच्या पगारपत्रकावर घ्या,’ असं तिकडून आलं, आणि इकडे जागा रिकामी होती ती स्टोअरकीपरची. झाल्या बाई स्टोअरकीपर. दर वर्षअखेरीला घरी छापील फॉर्म यायचा, ‘आपल्या ताब्यातील मालाची यादी’. बाई त्यावर ‘निरंक’ लिहून, सही करून परत पाठवायच्या.

“काय स्टोअरकीपरबाई, यंदाही दुकान रिकामंच का?” नवरा दर वर्षी न चुकता विचारायचा. बावीस वर्षांत त्याने या विनोदात काडीचाही बदल केला नव्हता.

थट्टा थट्टेत राहिली असती. पण चार महिन्यांपूर्वी झोळी ज्याला लटकते त्या ब्रॅकेटचं नवं ड्रॉइंग आलं, आणि बाईंचं भिंग एका जागी थांबलं. आतल्या कोपऱ्याला पूर्वी सहा मिलिमीटरची गोलाई होती. नव्यात कोपरा चाकूने कापल्यासारखा काटकोनी केला होता. बनवायला सोपं, म्हणून. बाईंनी शेरा लिहिला : गोलाई हवी, वजन घेऊन घेऊन इथेच तडा जाईल. तिकडच्या तरुण इंजिनिअरचं उत्तर आलं, हिशेब करून पाहिलाय, काळजी नसावी. बाईंनी पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा कळलं की नव्या पद्धतीप्रमाणे कंपनीच्या स्वतःच्या यादीत ज्यांची नावं आहेत, त्यांचीच हरकत हरकत समजली जाते. बाईंचं नाव त्या यादीत नव्हतं, त्यामुळे त्यांचा शेरा ‘बाहेरची सूचना’ म्हणून बंद झाला. ड्रॉइंग पुढे गेलं, आणि इथल्याच एका वर्कशॉपात चारशे ब्रॅकेट बनून तिकडे पाठवायला भगिनी कंपनीच्या गोडाऊनमध्ये आलेही.

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, मरू दे, आपण सांगायचं काम केलं. निवृत्तीला चौदा महिने राहिलेले. पण बाईंच्या सासूबाई शेवटची दोन वर्षं अंथरुणात होत्या. त्यांना उचलताना बाईंच्या हातांना जे कळलं होतं ते कुठल्या ड्रॉइंगात नव्हतं. उचललं जाणारं माणूस किती घाबरतं! कितीही सांभाळून धरा, ते बोटं रुतवून आपल्याला धरतं.

काल संध्याकाळी बाई जेवल्या नाहीत. नवऱ्याने त्यांना हसवायला म्हणून भगिनी कंपनीची जुनी नियमावली काढली आणि मोठ्या आवाजात वाचायला लागला. “ऐका, स्टोअरकीपरबाई! नियम नऊ. स्टोअरकीपरच्या सहीशिवाय कोणताही माल गोडाऊनबाहेर जाणार नाही. केवढा हा अधिकार, आणि तुम्ही रुसून बसलाय!”

बाईंनी पुस्तक त्याच्या हातातून ओढून घेतलं. “पुन्हा वाचा,” म्हणाल्या, आणि मग स्वतःच वाचलं.

आज सकाळी दहाच्या सुमाराला भगिनी कंपनीचे साहेब घाम पुसत गोडाऊनच्या दारात आले. बाईंना ते वर्षातून एकदा फोनवर शुभेच्छा द्यायचे, बाकी ओळख शून्य.

“बाई, हे काय चाललंय? दुपारी माल बंदरावर पोचला पाहिजे.”

“माल सदोष आहे. मी सही देत नाही.”

“तुमचा काय संबंध? तुम्ही तर तिकडची ड्रॉइंग बघता ना?”

“तिकडचे म्हणतात, मी त्यांची नाही. तुमच्या कागदावर मी स्टोअरकीपर आहे. मग स्टोअरकीपरसारखी वागतेय.”

साहेबांचा पारा चढला. “मग मी तुम्हाला आत्ता कामावरून काढतो!”

“काढा,” बाई म्हणाल्या. “फक्त नियम चौदा बघा. ताब्यातल्या मालाची मोजदाद करून चार्ज द्यायचा, त्याला सात दिवसांची मुदत आहे. मी आजपासून मोजायला घेते. एकेक नग, भिंगातून.”

ड्रायव्हरने तोंड फिरवलं. हसू लपवायला त्याला टेम्पोच्या चाकाची हवा तपासावी लागली.

साहेब वाईट नव्हते, अडकलेले होते. शेवटी त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, “तुम्हाला नक्की पाहिजे तरी काय?”

“एक ब्रॅकेट. कुठलाही उचला, शितावरून भाताची परीक्षा. वर्कशॉपात प्रेस आहे, तिच्याखाली लावा आणि माणसाच्या दुप्पट वजनाने दाबत-सोडत राहा. दोन दिवसांत काही वर्षांचं उचलणं-ठेवणं होईल. टिकला, तर मी सही करते आणि राजीनामाही देते.”

साहेबांनी एक ब्रॅकेट वर्कशॉपात पाठवला. ते दोन दिवस बाई सकाळी नऊला यायच्या, पाचला जायच्या, त्याच खुर्चीत. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने खुर्चीवर उशी आणून ठेवली आणि सहीची वही अदबीने त्यांच्यासमोर धरली. “इतर मालाच्या सह्या तरी करा, मावशी. तुम्ही असताना मी कशाला?” बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा माल सोडायला स्टोअरकीपर म्हणून सह्या केल्या, खाटांच्या चाकांसाठी.

तिसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपातून ब्रॅकेट आला. साहेबांनी तो उलटसुलट पाहिला. “काही नाहीये. धडधाकट आहे.”

बाईंनी तो हातात घेतला. भिंग काढायच्या आधीच त्यांनी अंगठ्याचं नख आतल्या कोपऱ्यावरून फिरवलं. नख अडकलं. मग त्यांनी भिंग साहेबांकडे दिलं. कोपऱ्यातून केसाएवढी रेघ निघून अर्ध्या जाडीपर्यंत गेली होती. साहेब बराच वेळ भिंगातून बघत राहिले, आणि टेम्पोवाल्याला त्यांनी हातानेच ‘रिकामा जा’ म्हणून खूण केली.

बाईंना वाटलं होतं, आपल्याला जिंकल्यासारखं वाटेल. पण त्यांना सासूबाईंची बोटं आठवली, दंडात रुतलेली, आणि त्या गोडाऊनच्या कोपऱ्यात तोंड वळवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. ड्रायव्हरने पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

पुढचं सगळं सरळ झालं. तडा गेलेला तो एक ब्रॅकेट बाईंनी घरी नेला, बाकीचे सगळे भंगारात गेले. सहा मिलिमीटरची गोलाई परत आली. नव्या ड्रॉइंगवर ‘तपासणी’च्या चौकटीत त्या तरुण इंजिनिअरचंच नाव आलं, कारण चौकटीत यादीतलंच नाव बसत होतं. त्याने मात्र बाईंना वेगळं लिहिलं. माझी चूक झाली, आणि यापुढे प्रत्येक ड्रॉइंग आधी तुम्हाला दाखवीन. शब्दाला तो जागलाही. तिकडच्या मोठ्या साहेबांचं आभाराचं पत्र आलं ते ‘तुमच्या सतर्क स्टोअरकीपरना’ म्हणून. ड्रायव्हरने ते फ्रेम करून गोडाऊनमध्ये लावलं.

वर्षअखेरीला नेहमीचा फॉर्म आला. नवऱ्याने चष्मा सरसावला. “काय स्टोअरकीपरबाई, यंदाही दुकान...” आणि तो थांबला. खिडकीपाशी, ड्रॉइंगांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून ठेवलेल्या त्या ब्रॅकेटकडे त्याची नजर गेली होती. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने वाक्य अर्धं सोडलं.

बाईंनी पेन उचललं. ‘निरंक’ लिहायच्या जागी त्यांनी ड्रॉइंगवर लिहितात तशा सरळ, सुट्या अक्षरांत लिहिलं : ‘ब्रॅकेट, नग एक. आतल्या कोपऱ्यात तडा. कोणालाही देऊ नये.’

आणि खाली सही केली. स्टोअरकीपर.